दोन बाटल्या, बारा जणी: यिन-यांग तेलांच्या कामाच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

काम घेतलं. घेतलं कसलं, अंगावर आलं. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत (सिंगापुरात तिला व्हॉइड डेक म्हणतात) वहिनी योगाचा वर्ग घेतात. बुधवारी सूर्यनमस्कार आणि घाम. शनिवारी ‘यिन योग’, म्हणजे एकेका आसनात चार-पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं. डिसेंबरात वर्ग आटोपेल तेव्हा प्रत्येकीला दोन छोट्या रोलर बाटल्या द्यायच्या असं त्यांनी ठरवलंय. एक यिनची, शनिवारी लावायला. एक यांगची, बुधवारी. (चिनी विचारातली जोडी: यिन थंड आणि शांत, यांग उष्ण आणि चपळ.) “तू नाहीतरी तेलांशी खेळतच असतेस ना गं,” म्हणाल्या.

खेळते खरी. रसायनशास्त्राची पदवी आहे आणि एका अगरबत्ती कारखान्यात वासाच्या खोलीत चार वर्षं काढलीत. पण तिथे मोगरा किती टिकतो आणि किलोला किती पडतो एवढंच विचारायचे. तो यिन की यांग, हे कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब: बारा जणी, चोवीस बाटल्या, दहा-दहा मिली. तेलांचा खर्च वहिनींचा, हमाली माझी. वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम लिहून ठेवले. विकायचं नाही, कारण इथे कातडीला लावायचं काही विकायचं झालं तर आधी सरकारदरबारी त्याची नोंद करावी लागते. आणि लेबलावर ‘अमुक दुखणं जातं’ असं एक अक्षरही नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चार दिवस तक्ते चाळतेय. ‘यिन तेलं’, ‘यांग तेलं’ अशा दोन रकान्यांचे. लव्हेंडर एकात यिन, दुसऱ्यात यांग, तिसऱ्यात ‘दोन्ही संतुलित करणारं’, म्हणजे पुढे विचारूच नका. चंदन बहुतेक ठिकाणी यिन. आलं, दालचिनी, रोझमेरी यांग. तेवढ्यावर सगळ्यांचं एकमत.

हे सगळं आलं कुठून? अरोमाथेरपी (सुगंधी तेलांनी उपचार) हा शब्द फ्रेंच. रने-मोरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञाचं त्या नावाचं पुस्तक १९३७ मधलं. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट झाला, त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या आणि त्याने त्या लव्हेंडरच्या तेलाने धुतल्या, ही गोष्ट प्रत्येक अरोमाथेरपीवाला सांगतो. यिन-यांग त्याच्या गावीही नव्हतं. ते पुढे चिनी वैद्यक शिकलेल्या पाश्चात्त्य मंडळींनी तेलांना चिकटवलं. चिनी वैद्याची औषधं म्हणजे काढा, चूर्ण, गोळी, लेप. भूमध्य समुद्राकाठचं लव्हेंडर आणि त्याचं भट्टीत काढलेलं तेल त्याच्या जुन्या ग्रंथात असणार तरी कसं?

जुन्या ग्रंथांत आहेत ते चार गुण: थंड, शीतल, उबदार, उष्ण. शेन-नोंग या दंतकथेतल्या चिनी सम्राटाच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन औषधीग्रंथापासून ही वाटणी आहे. आपल्याकडचं शीतवीर्य-उष्णवीर्य आठवतं, पण घाईने जोडायला नको. घाईने जोडूनच तर हे तक्ते झालेत.

आणखी एक सापडलं. यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू, यांग म्हणजे उन्हाची. दोन्ही अक्षरांत डोंगराची खूण आहे. आता डोंगर तोच, पण सकाळी सावलीत असलेली बाजू दुपारनंतर उन्हात येते. मग तेलाला कायमचा शिक्का मारून रकान्यात बसवायचं कसं? वहिनींना अजून सांगितलेलं नाही. त्या लेबलांची नक्षीसुद्धा ठरवून बसल्यात.

बुधवार, १६ ऑक्टोबर, कोजागिरी

काम शून्य. गच्चीला कुलूप, त्यामुळे बाराव्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून दूध प्यायलो. शेजारची आंटी येऊन बघून गेली. तिचा चंद्र (चिन्यांचा मध्य-शरद सण) गेल्या पौर्णिमेला झाला, कंदील आणि मूनकेक घेऊन. जुन्या चिनीत चंद्राला थाय-यिन म्हणतात, थोरलं यिन. आणि सूर्य तो थाय-यांग. दुधात केशर, वेलची, जायफळ होतं. आंटीने अर्धा कप घेतला आणि म्हणाली, “हीटी ला.” इथल्या बोलीत हीटी म्हणजे अंगात उष्णता वाढवणारं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहिली जोडी केली आणि मनगट भाजून घेतलं.

यिन, पहिला प्रयत्न: लव्हेंडर ५ भाग, चंदन ३, वाळा २. यांग, पहिला प्रयत्न: संत्रं ५, आलं ३, दालचिनी १, रोझमेरी १. दोन्ही फ्रॅक्शनेटेड (न गोठणारा भाग वेगळा काढलेल्या) खोबरेल तेलात दोन टक्के. दहा मिलीच्या बाटलीत दोन टक्के म्हणजे जेमतेम चार थेंब, म्हणून आधी मूळ मिश्रण वजनावर करून ठेवायचं आणि त्यातलं बाटलीत घालायचं. वाळ्याचं तेल तर काकवीसारखं, थेंब सुटतच नाही. बाटली मुठीत धरून बसावं लागतं.

यांगचं मिश्रण मनगटाला लावलं. दहा मिनिटांत लाल चट्टा, अर्ध्या तासात आग. दालचिनीच्या बाटलीवर नुसतंच ‘दालचिनी’ लिहिलं होतं. मी गृहीत धरलं की पानांचं असेल, कारण स्वस्त होतं. निघालं सालीचं. वास घेऊन कळायला हवं होतं: पानाच्या तेलाला लवंगेचा वास येतो, त्यात युजेनॉल असतं. सालीचं तेल गोड आणि तिखट, सिनॅमाल्डिहाइडचं. पानाचं तेल कातडीवर ०.६ टक्क्यांपर्यंत चालतं असं सुरक्षिततेचे तक्ते म्हणतात. सालीचं ०.०७ टक्के. मी ०.२ वर होते, मर्यादेच्या तिप्पट. कारखान्यातल्या साहेबांनी आज मला खोलीबाहेर काढलं असतं.

चिनी औषधांतही हा भेद आहे. दालचिनीच्या कुळातल्या एकाच झाडाची कोवळी डहाळी ‘उबदार’ आणि साल ‘उष्ण’. एका झाडाचे दोन भाग आणि दोन पायऱ्या. माझ्या बाटलीवाल्याने मात्र एकच शब्द लिहून हात झटकले.

यिनचं काय झालं? वाळ्याने सगळं गिळलं. लव्हेंडर कुठे आहे ते शोधावं लागतं. माठातलं पाणी म्हणून छान आहे.

मनगटावर साधं खोबरेल तेल. पाण्याने धुवायची चूक केली नाही, तेल तेलातच निघतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज चिनी औषधांच्या दुकानात गेले. चायनाटाउनमधलं झगमगीत नव्हे, बाजारापलीकडचं, भिंतभर लाकडी खण असलेलं. काउंटरमागच्या अंकलकडे नोंदणीकृत वैद्याचं प्रमाणपत्र आहे, चौकटीत लावलेलं. इथे कायद्यानेच ते लागतं.

मी चंदन मागितलं. त्यांनी खणातून काड्या काढून कागदावर ठेवल्या. “थान-श्यांग.” हुंगलं. तेच, आपलं. मी सहज म्हणाले, हे तर थंड ना?

“नाही. उबदार.”

मी म्हटलं, आमच्याकडे थंड. उगाळून कपाळाला लावतात. ताप असो, घामोळं असो, उन्हाने डोकं दुखत असो, चंदनच. ते म्हणाले, आमच्याकडे पोटात गारठा धरून दुखायला लागलं, छातीत कोंडल्यासारखं झालं, जेवण जाईना, की काढ्यात थान-श्यांग. अडकलेलं हलवतं. जे गारठ्याला हलवतं ते उबदार.

मग मी खेळच लावला. लवंग? उबदार. (आयुर्वेदाच्या भावप्रकाश ग्रंथात लवंग ‘हिम’, म्हणजे थंड म्हटलीय, आणि माझी आजी लवंगेला उष्ण म्हणायची. म्हणजे आमच्या घरातच एकमत नाही.) कापूर? उष्ण, आणि जपून. आपल्या ग्रंथांत तोही शीत. जटामांसी? उबदार, आपल्याकडे शीत. पुदिना? शीतल, आणि काढ्यात शेवटची पाच मिनिटंच टाकायचा, नाहीतर वास उडून जातो. चला, वासाशी संबंध असलेली एक तरी गोष्ट ग्रंथात सापडली.

हळदीला त्यांनी हसून दोन खण उघडले. एकात हळकुंडाच्या चकत्या: च्यांग-ह्वांग, उबदार. दुसऱ्यात हळदीच्याच कुळातली, मुळांच्या टोकाला धरणारी गाठ: यू-चिन, थंड. दोन्ही हळदीच्या रोपाच्या असू शकतात.

मी विचारलं, मग बारा जणींसाठी यिनचं एक तेल आणि यांगचं एक तेल करायचं असेल तर काय घालू?

“आजारी कोण आहे?”

“कुणीच नाही.”

“मग कशाला?” आणि मग जरा थांबून, “बारा जणींना एकच? तसं होत नाही. आधी जीभ बघायची, नाडी बघायची.” चंदनाच्या काड्यांचे पैसे घेतले नाहीत. मी उगीच खजुराचं पाकीट विकत घेतलं.

घरी येऊन आईला फोन केला. चंदन उबदार म्हणे! आई म्हणाली, “त्यांचं चंदन वेगळं असेल.” नाही गं, तेच झाड. “मग ते उकळतात, आपण उगाळतो. गार पाण्यात उगाळलेलं गारच लागणार.” माझ्या पदवीपेक्षा हे उत्तर बरं आहे. लेपातलं पाणी उडताना कपाळाची उष्णता घेऊन जातं, ते चंदनाच्या खात्यावर जमा होतं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

इथे दिवाळीची सुट्टी आजच. पहाटे अभ्यंग. उटणं आईने पाठवलेलं, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या. नागरमोथ्याचा वास येताच आठवलं की हा परवा त्या दुकानातही होता. एका खणातून अगदी हाच मातकट वास येत होता. दुपारी फोटो पाठवून विचारलं. श्यांग-फू. बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर रोजच्या वापरातलं औषध. आणि गुण? ना थंड ना उष्ण, सम.

आपल्याकडे शेतकरी याला लव्हाळा म्हणून शिव्या देतो, उपटून उपटून दमतो. महापुरे झाडे जाती तेथे लव्हाळे वाचती, ते हेच किंवा याचंच भावंड. यिनच्या मिश्रणात नागरमोथ्याच्या तेलाचा एक थेंब घालून बघायचा.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पातळ करायच्या तेलाचा दिवस. हा मुद्दा आईचा. परवा फोनवर तिने सहज विचारलं, “पण कालवतेस कशात?” खोबरेलात. “मग झालं! दोन्ही बाटल्या थंडच.”

हसले, आणि मग हसू थांबलं. बाटलीत ९८ टक्के कालवायचं तेल आणि दोन टक्के सुगंध. मी महिनाभर दोन टक्क्यांच्या स्वभावावर डोकं फोडतेय. एकाही तक्त्यात ९८ टक्क्यांबद्दल ओळ नाही. आपल्याकडचं पोरही सांगेल की खोबरेल थंड आणि तिळाचं उष्ण. थंडीत तीळ, उन्हाळ्यात डोक्याला खोबरेल.

म्हणून तिळाचं तेल आणायला गेले आणि घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातलं उचललं. ते भाजलेल्या तिळांचं. यांगच्या बाटलीला नूडल्सचा वास. सगळं ओतून दिलं (फोडणीत, वाया नाही). मग टेक्का बाजारात जाऊन तमिळ दुकानातून घाण्याचं आणलं, जिंजेली म्हणून मिळतं. वास सौम्य, पण आहेच. आणि रोलरची गोळी चिकटते, दोन दिवसांत फिरेनाशी झाली.

फ्रॅक्शनेटेड खोबरेलाला वास नाही, ते गोठत नाही, गोळीही छान फिरते. पण ते खोबरेल राहिलंय का? त्यातली लॉरिक आम्लासकट सगळी लांब साखळीची मेदाम्लं काढून टाकलेली असतात, उरतात आठ आणि दहा कार्बनची. आईचा थंडपणा नेमका कुठल्या साखळीत राहतो? हा प्रश्न तिला विचारायची माझी छाती नाही.

निर्णय: दोन्हींना फ्रॅक्शनेटेड खोबरेल. कारण गोळी फिरली पाहिजे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

वर्गानंतर कुप्या फिरवल्या. सहा, नाव नाही, फक्त आकडे. हुंगायचं आणि सांगायचं, थंड की उष्ण. मराठी, तमिळ, दोन चिनी, एक मलय, आणि शेजारची आंटी, जी वर्गात नाही पण असं काही असलं की हजर.

पुदिना: आंटी सोडून सगळ्यांनी थंड. एकमत झालं ते इथेच. आणि गंमत अशी की तो काहीच थंड करत नाही. मेंथॉल आपल्या चेतातंतूंवरच्या गारवा ओळखणाऱ्या ग्राहकालाच चिमटा काढतं, कातडीचं तापमान आहे तेवढंच राहतं. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. थंडीचा भास, पण भास म्हणावं तर मज्जासंस्थेच्या दृष्टीने अगदी खरी थंडी. आपले नि चिनी दोन्हीकडचे जुने वैद्य हाच भास जिभेने आणि कातडीने मोजत असतील का, असं वाटून गेलं. पण ते पुदिन्यापुरतं. चंदनाला असला काही चिमटा नाही.

आलं: बहुतेकींनी ‘ना धड उष्ण ना थंड, लिंबासारखं काहीतरी’. बरोबर आहे. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा, आणि तो वाफेबरोबर वर येतच नाही, भट्टीच्या तळाशी राहतो. वर येतं ते झिंजिबेरीन वगैरे, सुवासिक आणि निरुपद्रवी. म्हणजे आलं उष्ण म्हणून आल्याचं तेल उष्ण, हा तक्तेवाल्यांचा हिशेब मुळातच लंगडा. धूपाचंही (फ्रँकिन्सेन्स, सालईच्या कुळातल्या झाडाचा डिंक) तेच: ज्या बोस्वेलिक आम्लांसाठी त्याची कीर्ती, ती जड असल्यामुळे तेलात येत नाहीत. आणि उलटंही होतं. जर्मन कॅमोमाइलचं तेल गडद निळं असतं आणि फुलात तो निळा रंग नसतोच, वाफेच्या उष्णतेत तयार होतो. भट्टी काही ठेवून घेते, काही नवं घालते. वनस्पतीची पत्रिका तेलाला लागू पडेलच असं नाही.

चंदन: मराठी आणि तमिळ नाकांनी थंड. दोन चिनी बायकांपैकी एक म्हणाली देवळाचा वास, म्हणजे उबदार. दुसरी म्हणाली आजीच्या कपाटाचा. थंड की उष्ण? “आजीच्या कपाटाचा,” पुन्हा तेच.

आंटी सहाही कुप्यांना हीटी म्हणाली. तिच्या मते आठवडाभर ड्युरियन खाऊन तिचं अंगच हीटी झालंय, त्यामुळे आज तिचं नाक ग्राह्य धरू नये. उतारा म्हणून मँगोस्टीन खातेय. तोंड आलंय, घोळणा फुटेल अशी भीती आहे. आंबे जास्त झाले की माझी आजी हेच म्हणायची, फक्त मँगोस्टीनऐवजी सब्जा.

बुधवार, २० नोव्हेंबर

वर्गातल्या एकीचा निरोप. तिचं बाळ पाच महिन्यांचं आणि त्याला जीसिक्सपीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता आहे. इथे जन्मताच नाळेच्या रक्तातून ते तपासतात. डांबराच्या गोळ्या, कापूर, मेंथॉल घरात नको असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझ्या तेलात काय काय आहे?

मेंथॉल मी वापरत नव्हतेच. कापूर वेगळा नव्हता, पण रोझमेरीच्या तेलात तो भरपूर असू शकतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रोझमेरी काढली. एकीसाठी वेगळी बाटली करण्यापेक्षा सगळ्यांचीच बदलली, कारण बाटल्या अदलाबदल होतातच. तिला पूर्ण यादी लिहून दिली आणि डॉक्टरांना दाखव म्हटलं. लव्हेंडरमध्येही किंचित कापूर असतो, तेही लिहिलं.

बारा जणींना एकच होत नाही, असं अंकल म्हणाले होते. ते जिभेबद्दल बोलत होते, पण तरीही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आंटीच्या फ्रिजवर दोन डब्या दिसल्या, टायगर बाम, तांबडा आणि पांढरा. किती वर्षं बघतेय, आज डोक्यात प्रकाश पडला. यिन-यांगची जोडी बाजारात कधीचीच आहे! तांबड्यात दालचिनीच्या जातीचं तेल, तो दुखऱ्या स्नायूंना, गरम. पांढरा डोकेदुखीला आणि चोंदलेल्या नाकाला, गार. हा बाम मूळचा रंगूनचा, आव चू किन या वैद्याचा, १८७० च्या दशकातला. त्याच्या मुलाने, आव बून हॉने, १९२६ मध्ये धंदा सिंगापुरात आणला.

पण दोन्ही डब्यांत कापूर आणि मेंथॉल आहेतच. अंकलच्या ग्रंथात एक उष्ण, दुसरं शीतल. दोघं एकाच डबीत सुखाने नांदतात. बाम करणाऱ्यांनी रकाने पाळले नाहीत, आणि डब्या जगभर खपल्या. शिवाय जगात सर्वांत जास्त पुदिन्याचं तेल भारतात निघतं, बरंचसं उत्तर प्रदेशात. या चिनी डबीतला गारवा बाराबंकीच्या शेतातला असायची शक्यता चांगलीच.

वहिनींना आज सांगितलं. लेबलावर यिन-यांग नको. ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ लिहू. त्या नाराज. “अगं, पण लोकांना यिन-यांग आवडतं.” मी म्हटलं, वर्गात दोन चिनी बायका आहेत, त्यांच्यासमोर चंदनाला यिन म्हणून ठेवू का? जरा वेळाने म्हणाल्या, बरं, पण ते गोल चिन्ह तरी छापू. चिन्हावर तडजोड झाली.

रविवार, १ डिसेंबर

शेवटची मापं, ग्रॅममध्ये.

संध्याकाळ: लव्हेंडर १.५०, चंदन १.००, वाळा ०.१५, नागरमोथा ०.०५.

सकाळ: गोड संत्रं १.४०, आलं ०.६०, चंदन ०.६०, वेलची ०.१०.

दोन्ही २.७०. बाटलीला ०.१८ घालायचं, म्हणजे बारा बाटल्यांना २.१६ लागेल आणि थोडं उरेल. बर्गमॉटचा (संत्र्याच्या कुळातल्या एका फळाच्या तेलाचा) मोह झाला होता, पण ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, ०.४ टक्क्यांवर जाता येत नाही, आणि इथे ऊन डोक्यावरच असतं. गोड संत्र्याला ती भानगड नाही. संत्र्याचं तेल मात्र हवेने लवकर खराब होतं आणि खराब झालेलं कातडीला सोसत नाही, म्हणून लेबलावर: सहा महिन्यांत संपवा, सावलीत ठेवा.

चंदन दोन्हींत आहे. वहिनी खूश: “म्हणजे चिन्हातले ते दोन ठिपके! काळ्यात पांढरा, पांढऱ्यात काळा!” तसं काही नाही. संत्रं अर्ध्या तासात उडून जातं, त्याला धरून ठेवायला बुडाशी काहीतरी जड लागतं. पण त्या वर्गात ठिपक्यांचंच सांगणार, आणि मी गप्प बसणार.

रविवार, ८ डिसेंबर

मिश्रणं आठवडाभर मुरली. वाळ्याने माघार घेतलीय, नागरमोथा कळत नाही पण काढला तर उणीव भासते. बाटल्या भरल्या. दोन रोलर सदोष, गळतात, टाकले. बाहेर ईशान्य मोसमीचा पाऊस, तीन दिवस कपडे वाळत नाहीत. कागदी लेबलांची शाई ओल्या हाताने फिसकटली. पुन्हा छापली, वरून चिकटपट्टी.

शनिवार, १४ डिसेंबर

वाटल्या. बाळाच्या आईने यादी डॉक्टरांना दाखवली होती. बाटल्या घेतल्या, पण बाळ अंगावरून सुटेपर्यंत लावणार नाही म्हणाली. शहाणी आहे. अर्ध्या वर्गाने शनिवारच्या पडून राहण्याच्या वेळी ‘सकाळ’ लावलं, कारण त्यांना संत्र्याचा वास आवडला. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा होता. लव्हेंडरने झोप येते म्हणणाऱ्या दोघी, आणि त्यानेच डोकं चढतं म्हणणारी एक.

शनिवार, २१ डिसेंबर, दोंग-झ

चिन्यांचा हिवाळी अयनदिन. यिन आज शिगेला पोचतं आणि इथून यांग वाढायला लागतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ही वाढ म्हणजे दिवस जूनपर्यंत नऊ-दहा मिनिटांनी मोठा होणार. तरी घरोघरी थांग-युआन झाले.

आंटी वाटी घेऊन आली. तांदळाच्या पिठीचे मऊ गोळे, आत काळे तीळ, आल्याच्या गोड पाकात. उकडीची आठवण झाली. पाकाचा पहिला घोट घशात जाळ काढत गेला. भट्टीत मागे राहतं ते हे, सगळं वाटीत होतं.

तिला दोन्ही बाटल्या दिल्या. ‘सकाळ’ हुंगून म्हणाली हीटी, ‘संध्याकाळ’ हुंगून म्हणाली देऊळ. मग विचारलं, गुडघ्याला चोळायला चालेल का? म्हटलं, चोळ, पण दुखणं जाईल असं मी म्हणत नाही. म्हणाली, ते मला माहितीये, पण हे तेल गुडघ्याला गार लागतं. तुझ्याकडे ते तिळाचं उरलंय ना?

उरलंय. ‘संध्याकाळ’चं मूळ मिश्रण ०.५४ शिल्लक होतं, त्यातलं ०.१८ घेऊन जिंजेलीत कालवलं. रोलरची गोळी चिकटेल, म्हणून साधी झाकणाची बाटली. लेबल लावू का विचारलं, तर नको म्हणाली.

उरलं ०.३६. फ्रिजच्या दारात, खालच्या कप्प्यात.